एकवीस जागा

चहा झाला की चित्राकाकू तो लगेच प्यायच्या नाहीत. कप दोन्ही हातांत धरून, दहाही बोटं त्याला टेकवून, त्या स्वयंपाकघराच्या खिडकीशी उभ्या राहायच्या. चहावर साय धरायची. मग ती बोटाने बाजूला करून कोमट चहा दोन घोटांत संपवायच्या आणि गाडीची किल्ली उचलायच्या. टूवूंबा हे ऑस्ट्रेलियातलं डोंगरमाथ्यावर वसलेलं गाव आहे. जूनमध्ये, इथल्या हिवाळ्यात, सकाळी नळाचं पाणी बोटांना चावतं. पण काकूंची ही सवय भर उन्हाळ्यातही मोडली नाही. गार बोटं डोक्याला लागली की माणूस कपाळ आक्रसतो, असं त्या सांगायच्या. कपाळ आक्रसलं की तिथल्या स्नायूंची वीज कागदावर उतरते, आणि मेंदूची वीज तिच्यामागे दडते. सेंटरला पोचायला आठ मिनिटं लागायची. तेवढी ऊब टिकायची.

त्यांचं काम ईईजी काढण्याचं. ईईजी म्हणजे मेंदूतल्या विजेचा आलेख. त्यासाठी डोक्यावर एकवीस जागा ठरलेल्या असतात. नाकाच्या मुळापासून मानेवरच्या उंचवट्यापर्यंत टेप धरायची, मग एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत धरायची, हिशेबाने लाल पेन्सिलीच्या खुणा करायच्या. प्रत्येक खुणेवरचे केस शेपटीच्या कंगव्याने बाजूला सारून कातडी हलकेच घासायची आणि पेस्ट लावलेली एकेक चकती तिथे बसवायची. मिरजेला काकू हे शिकल्या तेव्हा आलेख खरोखरच कागदावर निघायचा, पेनं खरखर करायची. पुढे स्क्रीन आला, तरी त्या कागदच म्हणत राहिल्या.

नरेंद्रकाका पंपांचे इंजिनिअर. त्यांच्या व्हिसावर दोघं दोन हजार सात साली ऑस्ट्रेलियात आली. मिरजेचं सर्टिफिकेट इथे चालेना, म्हणून काकूंनी दोन वर्षं मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गमधल्या एका कारखान्यात सॅलडची पानं धुऊन पिशव्यांत भरली. शिफ्टहून आल्या की रात्रीचं जेवण उरकून इथल्या परीक्षेचा अभ्यास. परीक्षा पास झाल्यावर टूवूंबातल्या एका खासगी न्यूरॉलॉजी सेंटरमध्ये नोकरी मिळाली, आणि काकांना आसपासच्या कापसाच्या शेतांवरचे पंप बघायचं काम मिळालं. मुलगा हृषिकेश मेलबर्नलाच राहिला. तो फोनवर इंग्लिशमध्ये बोलायचा, काकू मराठीत, आणि दोघांचंही समाधान व्हायचं.

मी इथे युनिव्हर्सिटीत शिकत असताना दोन वर्षं त्यांच्या मागच्या खोलीत राहिले. पेशंटचं नाव काकू घरी कधी काढत नसत. या गोष्टीतलं बरंचसं मला नंतर त्यांच्या एका पेशंटनेच, अचोलने, सांगितलं.

दोन वर्षांपूर्वी सेंटरमध्ये टोपी आली. रबरी पट्ट्यांची, एकवीसही इलेक्ट्रोड आतून शिवलेले. चाळीस मिनिटांचं काम दहा मिनिटांवर आलं. टोपीबरोबर सॉफ्टवेअर आलं. ते आधी आलेख वाचण्याजोगा आहे का हे बघायचं; असला तर हिरवा ठिपका, नसला तर लाल. हिरवे आलेख ते स्वतःच वाचायचं आणि संशयास्पद वाटतील ते ब्रिस्बेनच्या डॉक्टरांपुढे आधी ठेवायचं. लाल कुणीच वाचत नसे. त्या पेशंटला दोन-तीन महिन्यांनंतरची नवी तारीख मिळायची. तीनदा लाल आला तर फाइल बंद, आणि पेशंट परत आपल्या जीपीकडे, म्हणजे घरच्या डॉक्टरकडे. तिथून सरकारी रांग, ब्रिस्बेनला, वर्षभराची.

काकूंनी त्या सॉफ्टवेअरचं नाव साहेब ठेवलं. "साहेबांनी आज एका पोराचा झटका अकराला पकडला," त्या एकदा जेवताना म्हणाल्या. "डॉक्टरांनी शुक्रवारी बघितला असता. साहेब हुशार आहेत."

"मग तुझी नोकरी जाणार," काका म्हणाले.

"साहेबांना भांग पाडता येतो का? नाही ना? मग वाढ आमटी."

ट्रेनिंगला कंपनीचा एक माणूस आला होता, फार गोड बोलणारा. हजारो डोक्यांवर शिकवलंय याला, असं तो म्हणाला. काकूंनी विचारलं, "कुणाच्या?" त्याला प्रश्न कळला नाही. काकूंनी परत विचारलं, "कुणाच्या डोक्यांवर?" तो म्हणाला, ते गोपनीय असतं, पण डेटा भरपूर आहे, नो वरीज. काकूंना त्याचा राग आला नाही. "बिचाऱ्याला खरंच माहीत नव्हतं," एवढंच म्हणाल्या.

उत्तर त्यांना मिळालं ते फोनवरून. लाल ठिपकेवाल्यांना फोन करून नवी तारीख द्यायचं काम त्यांच्या बॉसने, केरीने, त्यांच्याकडे सोपवलं. कारण सांगितलं, "ही नावं तुला नीट घेता येतात." काकू खुश झाल्या. दर शुक्रवारी दुपारी यादी घेऊन बसायच्या. तिसऱ्या शुक्रवारी त्यांच्या लक्षात आलं, की यादीत केरीला नीट घेता येईल असं एकही नाव नाही. सगळी नावं दक्षिण सुदानची, काँगोची, आपल्याकडची, फिजीची. गावात अशी माणसं दहात एखादी असतील. यादीत दहाच्या दहा तीच.

त्यातल्या एक मीनाक्षीबाई. मुलगा यतीन इथे आयटीत, त्याच्याकडे कायमच्या राहायला आलेल्या. अधूनमधून त्यांचा उजवा हात थरथरायचा. सूचनांच्या कागदावर लिहिलेलं होतं, केस धुऊन यावेत, केसांना कुठलंही प्रॉडक्ट लावू नये. मीनाक्षीबाई केस धुऊन आल्या होत्या. पहिल्यांदा लाल आला होता. दुसऱ्यांदा काकूंनी केसांना हात लावून बघितला तर बोटं तेलाने चमकली.

"अहो मीनाक्षीताई, तेल लावलंत?"

"मग? धुतल्यावर लावायचं नाही? झिपऱ्या सोडून दवाखान्यात यायचं का?"

"कागदावर लिहिलंय, काही लावू नका म्हणून."

"प्रॉडक्ट लिहिलंय. यतीनने वाचून दाखवलं. तेल म्हणजे काय प्रॉडक्ट आहे? तेल तेल आहे."

काकूंना हसू आवरेना. त्यांची आईसुद्धा हेच म्हणाली असती. त्यांनी तिथल्याच बेसिनमध्ये मीनाक्षीबाईंचे केस दोनदा शाम्पूने धुतले, ड्रायरने वाळवले, आणि साहेबांनी हिरवा ठिपका दिला. आपल्या लोकांची चूक आपल्याला चटकन कळते. पण त्याच महिन्यात काकूंकडून एक चूक झाली, आणि ती त्यांना कळायला उशीर झाला.

अचोल दक्षिण सुदानची, सव्वीस वर्षांची. लहानपणी केनियातल्या निर्वासितांच्या छावणीतून मावशीबरोबर आलेली, गावातल्या हॅरिसटाउन भागात मावशीकडेच राहणारी. हायफील्ड्सच्या एका वृद्धाश्रमात ती म्हाताऱ्यांना आंघोळी घालायचं, भरवायचं काम करत होती. शिफ्ट सकाळी सहाला. हायफील्ड्स गावाबाहेर, तेवढ्या पहाटे बस नाही. जानेवारीत ती एकदा सिंकपाशी नळ चालू ठेवून नुसतीच उभी राहिली. मावशीने दोनदा हाक मारली तरी कळलं नाही. मग तसंच कामावर एकदा झालं. जीपीने सांगितलं, ईईजीचा रिपोर्ट येईपर्यंत गाडी चालवायची नाही. गाडी नाही म्हणजे शिफ्ट नाही. मॅनेजरने सांगितलं, तुझी जागा थोडे दिवस ठेवते, कायमची नाही ठेवू शकत.

फेब्रुवारीत पहिली तपासणी. डोकंभर बारीक वेण्या, टाळूला घट्ट विणलेल्या, खांद्यापर्यंत लांब. टोपी त्या वेण्यांच्या उंचवट्यांवर तरंगत राहिली. लाल. त्या शुक्रवारी काकूंनी फोन केला. अचोलने विचारलं, या वेळी काय वेगळं करू? काकू सहज म्हणाल्या, "वेण्या सोडून ये."

एप्रिलमध्ये ती डोक्याला फडकं बांधून आली. डोळे सुजलेले.

"सोडल्यास ना?"

"सोडल्या. मावशी आणि मी. शुक्रवारी संध्याकाळी बसलो, शनिवारी दुपारी उठलो."

काकूंनी उचललेली टोपी परत खाली ठेवली. "मला वाटलं, रिबन ओढली की सुटते."

"कुणाची?"

"माझी सुटते."

अचोल थोडी हसली. पण फडकं काढल्यावर जे केस उभे राहिले, त्यांवर टोपी आणखीच वर उचलली गेली. काकूंनी ती दाबून धरली, पट्टे आवळले, पेस्ट ओतली. साहेबांनी दुसऱ्यांदा लाल दिला. आता एकदाच उरलं होतं.

त्या संध्याकाळी काकू भाजी चिरताना थांबल्या. "आज मी एका मुलीला फसवलं," म्हणाल्या.

"तू की तुझ्या साहेबांनी?" काकांनी विचारलं.

"साहेबांचं साहेब बघतील. वेण्या सोड असं मी सांगितलं. अठ्ठावीस वर्षं लोकांच्या डोक्यांना हात लावतेय आणि मला वाटलं, वेणी म्हणजे माझ्यासारखी तीन पेडांची. तिला विचारलंसुद्धा नाही."

काकांनी उरलेली भाजी चिरायला घेतली.

दुसऱ्या दिवशी काकूंनी अचोलला फोन केला. या वेळी सांगितलं नाही, विचारलं. डोक्यावर एकवीस जागा असतात. त्या मोकळ्या राहतील अशा वेण्या घालता येतात का? अचोल म्हणाली, मावशीला विचारते. दहा मिनिटांनी तिचा फोन आला. "मावशी म्हणते ये. आणि म्हणते, हे दोन महिन्यांपूर्वी विचारलं असतं तर काय बिघडलं असतं?"

केरीला त्यांनी कल्पना दिली. केरी खुर्चीतून न उठता म्हणाली, "शनिवारी तू काय करतेस ते मला सांगू नकोस. टोपी राहू दे, जुन्या चकत्या वापर. तुझ्या नावावर नव्वद मिनिटं लिहिते. कुणी विचारलंच तर दोन पेशंट होते म्हणेन." आणि नेहमीपेक्षा महिनाभर आधीची तारीख दिली.

तपासणीच्या आधीच्या शनिवारी काकू टेप आणि पेन्सिल घेऊन हॅरिसटाउनला गेल्या. अचोल जमिनीवर उशी घेऊन बसली, मावशी तिच्यामागे सोफ्यावर. काकूंनी मापं घेतली, पहिली खूण केली, आणि ती दिसेना. काळ्याभोर टाळूवर लाल पेन्सिल उमटतच नव्हती. इतकी वर्षं खिशात तीच एक पेन्सिल होती. मावशीने आत जाऊन आयलायनरची पांढरी पेन्सिल आणली आणि काकूंच्या हातात दिली.

"मधली रेघ डावीकडे जातेय," थोड्या वेळाने काकू म्हणाल्या.

"तू मोज, मी विणते," मावशी म्हणाली. "दोघींनी एकच काम करायचं नाही."

"पण इथे खूण झाकली जातेय."

"झाकली जात नाही. थांब जरा. तुमच्याकडे सगळ्या बायका अशाच का?"

"माझी सासू याहून वाईट होती."

मावशी हसली, आणि मग तिघी जणी हसल्या. पुढे बोलणं सुरू झालं. त्या मशीनला डोकं आहे का, असं मावशीने विचारलं. नाही, काकू म्हणाल्या. मग त्याला आमची डोकी कशाला हवीत, मावशी म्हणाली, आणि दातांत धरलेली क्लिप काढून वेणीला लावली. काकू म्हणाल्या, हवीत, नाहीतर त्याला वाटेल की नसतातच. चार तास लागले. शेवटी अचोलच्या डोक्यावर वेण्या खुणांना वळसे घालत गेल्या होत्या, आणि मधून एकवीस पांढरे ठिपके दिसत होते. आपलं डोकं आरशात बघून अचोल म्हणाली, मी विमानतळासारखी दिसतेय.

सोमवारी सकाळी काकूंनी चकत्या बसवायला घेतल्या. एकेक जागा बसत गेली तसा स्क्रीनवरचा एकेक आकडा, विजेला होणाऱ्या अडथळ्याचा, खाली आला. एकविसावी बसली आणि कोपऱ्यात हिरवा ठिपका उमटला.

"ग्रीन?" अचोलने मान न हलवता विचारलं.

"ग्रीन."

तिने हाताची मूठ घट्ट केली आणि सोडली.

तपासणीत तीन मिनिटं जोरजोरात फुंकावं लागतं, मेणबत्त्या विझवल्यासारखं. काकू नेहमीप्रमाणे शेजारी उभ्या राहून घे, सोड म्हणत होत्या. दोन मिनिटं झाली असतील. अचोलचं फुंकणं थांबलं. डोळे उघडे, हात मांडीवर तसेच. काकूंनी तिचं नाव घेतलं. उत्तर नाही. स्क्रीनवर सगळ्या ओळींत एकदम उंच लाटा उठल्या, एकीसारखी एक, एका तालात. पाच सेकंद. मग लाटा बसल्या आणि अचोल फुंकू लागली, मध्ये काही झालंच नाही अशी.

तपासणी संपल्यावर साहेबांनी निकाल दिला. आलेख उत्तम. निष्कर्ष नॉर्मल. त्या पाच सेकंदांवर करडी पट्टी होती आणि तिच्यावर लिहिलं होतं, हालचाल.

असं का झालं असेल, हे काकूंनी पुढे एकदा मला सांगितलं. तो त्यांचा अंदाज होता. अशा केसांच्या डोक्यांवरून उंच लाटा साहेबांनी पाहिल्या असतील त्या टोपी सरकल्याच्या. बाकीचे आलेख तर लाल ठरून बाहेरच राहिलेले. जे कधी समोर आलंच नाही, ते ओळखणार कसं?

अचोल पेस्ट पुसत स्क्रीनकडे बघत होती. "नॉर्मल लिहिलंय ना? मला दिसतंय."

"डॉक्टर सांगतील."

"पण नॉर्मल आहे. नॉर्मल असेल तर जीपी किल्ली देणार आहे. म्हणालाय तसं. म्हणेल, दमतेस, झोप पुरी कर."

काकूंना ते ठाऊक होतं. निकालाखाली टेक्निशियनसाठी एक चौकट असते. बहुतेक वेळा त्या तिथे काही लिहीत नसत. त्यांनी चौकटीत कर्सर नेला आणि थोडा वेळ तसाच लुकलुकू दिला. मागे अचोल नव्या वेण्यांतून टॉवेल फिरवत होती. हायफील्ड्सचा रस्ता शंभरच्या स्पीडचा आहे. त्यावर पाच सेकंद म्हणजे किती अंतर, हा हिशेब काकूंनी तिथे केला की नाही, ते मला माहीत नाही. त्यांनी लिहिलं: अकरा बेचाळीस, पाच सेकंद. मी शेजारी उभी होते. पेशंट हलली नाही. फुंकणं थांबलं, हाकेला उत्तर नाही. कृपया डॉक्टरांनी स्वतः पाहावं.

मग त्या अचोलकडे वळल्या. "मी डॉक्टरांना एक जागा बघायला सांगितलंय."

"काय आहे तिथे?"

"ते मला सांगता येत नाही. नियम आहे."

"चांगलं की वाईट?"

"गाडीच्या बाबतीत वाईट," काकू म्हणाल्या.

अचोलने टॉवेल घडी करून खुर्चीवर ठेवला. "ते मशीन मला नाही म्हणत होतं तेव्हा तू माझ्या बाजूने होतीस," ती म्हणाली. "आता ते हो म्हणतंय, तर तू नाही म्हणतेस." आणि निघून गेली.

बुधवारी ब्रिस्बेनच्या डॉक्टरांनी फोन केला. एपिलेप्सी. गोळ्या सुरू, आणि सहा महिने एकही झटका आला नाही तरच गाडी. काकूंनी अचोलला दोनदा फोन केला. तिने उचलला नाही. आठवड्याने फोन आला तो मावशीचा.

"गोळ्या घेतेय ती," मावशी म्हणाली. "मॅनेजरने जागा परत दिलीय, पण सकाळी सहाला हायफील्ड्सला कोण सोडणार? मी रात्रपाळीला असते. कामावरची एक जण तीन दिवस नेते म्हणाली. उरले मंगळवार, गुरुवार. तू मोजलंस, आता तू सोड."

काकूंनी सोडलं. मंगळवारी आणि गुरुवारी चहाचा कप साडेपाचच्या आत रिकामा व्हायला लागला. पहिले तीन आठवडे अचोल बोलली नाही. खिडकीला डोकं टेकून बसायची. बाहेर धुकं, त्यात एखाद्या शेताचं कुंपण. चौथ्या आठवड्यात एकदम म्हणाली, "तू फार हळू चालवतेस."

"गाव संपेपर्यंत लिमिट साठ आहे."

"साठ आहे. पंचेचाळीस नाही."

काकूंनी पन्नास केला.

एका गुरुवारी तिने आपणहून सांगितलं. कामावर तिला सगळे स्वप्नाळू म्हणायचे. एका आजोबांना आंघोळ घालताना पाणी कधी गरम झालं तिला कळलं नाही; ते ओरडले तेव्हा ती भानावर आली. कुणी तक्रार केली नाही, पण ती घरी जाऊन रडली. "मला वाटायचं मी आळशी आहे," ती म्हणाली. "शाळेतही टीचर हेच म्हणायच्या. खिडकीबाहेर बघत बसते म्हणून." काकू रस्त्यावरची नजर न काढता म्हणाल्या, "तू खिडकीबाहेर बघत नव्हतीस."

सेंटरमध्येही काही गोष्टी बदलल्या, काही नाही बदलल्या. काकूंनी सहा महिन्यांतल्या लाल ठिपक्यांची सगळी नावं एका कागदावर लिहून केरीच्या टेबलावर ठेवली. केरीने ती वाचली. मग सावकाश मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला, चुकत चुकत, शेवटपर्यंत. तीनदा लाल म्हणजे फाइल बंद, हा नियम तिने काढून टाकला. आता पहिल्याच लालनंतर हाताने चकत्या बसवतात. कंपनीकडून आभाराचं पत्र आलं, आपल्या सूचनेची नोंद घेतली आहे. सूचनांच्या कागदावर प्रॉडक्टच्या पुढे तेल हा शब्द आला. मीनाक्षीबाईंनी तो यतीनकडून वाचून घेतला आणि माझ्यामुळे आला म्हणून देवळात सगळ्यांना सांगितलं. ड्रॉवरमध्ये लाल पेन्सिलीशेजारी एक पांढरी पेन्सिल राहू लागली.

नोव्हेंबरातल्या एका बुधवारी काकू गेल्या. काका डाल्बीकडच्या एका शेतावर होते, मी लायब्ररीत. संध्याकाळी सहाला काका घरी आले तेव्हा त्या मागच्या व्हरांड्यात खुर्चीत होत्या, चपला काढून पाय कट्ट्यावर ठेवलेले. हृदय बंद पडलं, डॉक्टर म्हणाले, फार त्रास झाला नसावा. हृषिकेश रात्रीच्या विमानाने आला. तीन दिवस घरात माणसं येत राहिली, आणि त्याने सगळ्यांशी मराठीत बोलायचा प्रयत्न केला.

तिसऱ्या दिवशी अचोल आणि मावशी आल्या. मावशीने मोठं पातेलं भरून भात आणि शेंगदाण्याच्या कुटातली पालेभाजी आणली होती. ती सरळ स्वयंपाकघरात गेली, पातेलं गॅसवर ठेवलं आणि काकांना म्हणाली, खा आधी. अचोल टेबलाशी बसली. बुधवारी काकूंना शेवटचं भेटलेली तीच होती. काकांना काय विचारायचंय ते त्यांनी विचारलं नाही, पण तिने सांगितलं.

सोमवारी तिला गाडी चालवायची परवानगी देणारं पत्र आलं होतं. बुधवारी काकूंची गाडी सर्व्हिसिंगला होती, म्हणून दुपारी चारला ती त्यांना आणायला सेंटरला गेली. काकू पुढे बसल्या, पर्स मांडीवर. सिग्नलवर त्यांनी एकदा उजवीकडे बघितलं, जणू गाडी त्याच चालवत होत्या. पत्र आलं हे अचोलने सांगितलं नाही, काकूंनी विचारलं नाही; ती गाडी चालवत होती त्यातच ते कळत होतं. रथवेन स्ट्रीटवर गर्दी होती. मीनाक्षीबाईंचा हात आता थरथरत नाही, असं काकू म्हणाल्या. अचोलने विचारलं, मी फार जोरात तर चालवत नाही ना? ठीक आहे, त्या म्हणाल्या.

घरापाशी तिने गाडी डावीकडे घेऊन फुटपाथला लावली. काकू उतरल्या, दार लावलं, फाटकापर्यंत गेल्या, आणि परत आल्या. बोटाने काचेवर टकटक केलं. अचोलला वाटलं, काहीतरी विसरलं असेल. तिने काच खाली केली.

"इंडिकेटर चालूच राहिलाय बघ," काकू म्हणाल्या.